भाकरीला जोड हवी

अकोले

चि. बाळ,

पोलीस भरतीसाठी लायसीनच्या गोळ्या सुरू करू का, असं विचारलंस. नको. त्या पैशांत हुलगे घे.

लायसीन हे प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल. ते शरीराला तयार करता येत नाही, ताटातूनच यावं लागतं. आणि आपण नगरकर ज्या ज्वारी-बाजरीवर वाढलो, त्यांच्या प्रथिनांत नेमकं तेच कमी असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागे रोज 30 मिलिग्रॅम सांगते, म्हणजे तुझ्या 60 किलोंना 1,800. दिवसाला 400 ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी हाणल्यास तरी त्यातलं निम्मंच पदरात पडतं. बाजरी जरा बरी. राहिलेल्यातलं बरंचसं मूठभर, म्हणजे 50 ग्रॅम हुलगे भरून काढतात. हुलग्याच्या पिठाच्या शेंगोळ्यांना गरिबाचं खाणं म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहावा! उलट, कडधान्यात मेथिओनीन हे दुसरं अमिनो आम्ल तोकडं असतं, ते भाकरी पुरवते.

शेंगदाण्याची चटणी मात्र ही जोड देत नाही. दाण्यात प्रथिनं भरपूर, पण लायसीन बेताचंच. भाकरी-चटणीवर दिवस काढून वर ‘प्रथिनं खातोय’ म्हणू नकोस.

तुझ्या मेसचं वरण पातळ असतं म्हणतोस. मग खोलीवर मटकी रात्री भिजव, सकाळी फडक्यात बांध. मोडांमुळे लायसीन फारसं वाढत नाही, पण उसळ पचायला हलकी होते. फुटाणे खिशात असू देत, तरी सगळी भिस्त त्यांच्यावर नको. खरपूस भाजण्यात थोडं लायसीन वाया जातं. पाव लिटर दुधात 600 मिलिग्रॅम सहज मिळतं. अंडी खात असलास तर उत्तमच.

आपल्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, ती गावठी बियाणं जपल्याबद्दल. त्यांच्या बियाण्यांत वालाचे वाण किती तरी आहेत. वालही लायसीनला चांगला. इकडे आलास की कोंभाळण्याला जाऊन ये.

काकांबरोबर हुलग्याचं पीठ पाठवते आहे. शेंगोळे वळायचा कंटाळा आला तर पिठलं कर, आणि लसणाला हात आखडू नकोस.

तुझी,
आत्या