आवारांतील वाटा आणि त्यांचें गणित

जून महिन्यांत शाळा उघडली कीं पहिले आठ-दहा दिवस आमच्या फाटकाशीं एक देखावा हटकून दिसतो. दहिसर स्टेशनाकडून धापा टाकीत आलेले एखादे आजोबा, हातांत पांचवींतल्या नातवाचें बोट, आणि समोर तीन इमारती. "पांचवी ब कोठें भरते हो?" असें त्यांनीं विचारावें, आणि कोणी तरी "त्या पिंपळावरून सरळ, मग डावीकडे" असें सांगून आपल्या वाटेनें निघून जावें. आवारांत पिंपळ दोन आहेत, ही गोष्ट सांगणाराच्या ध्यानांतच येत नाहीं! गेल्या जूनमध्यें नववींतील सहा विद्यार्थ्यांनीं हा प्रकार पाहिला, व वाट दाखविणारें एखादें मोबाईल ॲप आपणच कां करूं नये, असा प्रश्न आम्हां शिक्षकांपुढें मांडला. त्या निमित्तानें आम्हीं जें वाचलें व मुलांबरोबर हिंडून जें मोजलें, त्याची हकीकत आमच्या बालवाचकांस व पालकांस सादर करीत आहों.

असा उद्योग पूर्वीं कोणी केला आहे काय, हें पाहण्यास फार दूर जावें लागत नाहीं. आपल्याच उपनगरांत, पवई तलावाच्या कांठीं, १९५८ सालीं स्थापन झालेली आय. आय. टी. ही संस्था आहे. तिचें आवार सुमारें साडेपांचशें एकरांचें. वसतिगृहें, प्रयोगशाळा, व्याख्यानगृहें, दवाखाना असें तेथें एक गांवच वसलें आहे. वसतिगृहें क्रमांकानें ओळखावयाचीं, आणि आवारांत फिरणाऱ्या गाडीस 'टमटम' म्हणावयाचें. नव्या विद्यार्थ्याची तारांबळ उडाली तर नवल नाहीं. तेथील विद्यार्थ्यांनींच 'इन्स्टिॲप' नांवाचें ॲप तयार केलें. 'इन्स्टि' हें 'इन्स्टिट्यूट' या शब्दाचें त्या मुलांच्या तोंडीं रुळलेलें लाडकें रूप होय. खाणावळींत आज काय शिजणार, संध्याकाळीं कोणता कार्यक्रम आहे, या माहितीबरोबर संस्थेचा नकाशाही त्यांत आहे. कार्यक्रमाच्या नांवाखालीं स्थळ दिलेलें असतें, आणि त्या स्थळावरून थेट नकाशावर जातां येतें. नकाशाची आखणी तेथील आयडीसी या अभिकल्प विद्यालयाचे प्राध्यापक मंदार राणे यांची. ॲपचें काम विद्यार्थ्यांचें.

आम्हांस यांत विशेष वाटली ती गोष्ट निराळीच. या ॲपची मूळ संहिता त्यांनीं कुलुपांत न ठेवतां सर्वांस वाचण्यास खुली ठेविली आहे. विद्यार्थी चार-पांच वर्षांनीं संस्था सोडून जातो. त्याचें लिखाण दुसऱ्यास उमगेल असें नसेल, तर तो गेल्यावर एखादी इमारत नवी झाली, एखादी वाट बंद झाली, तरी नकाशा जुनेंच सांगत राहील. ॲप तयार करणारे पुष्कळ निघतात. तें राखणारे थोडे.

आतां यंत्र वाट शोधतें म्हणजे काय करतें, तें पाहूं. दहिसरच्या मुलांस हें सांगणें सोपें आहे. लोहमार्गानें आपल्या वस्तीचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग केले आहेत. रुळांच्या एका बाजूच्या गॅलरींतून पलीकडच्या गॅलरींतला मनुष्य ओळखूं येतो. पण त्याच्या घरीं जावयाचें तर पूल गांठावा लागतो. तुळशी तलावाकडून राष्ट्रीय उद्यानांतून वाहत येणाऱ्या दहिसर नदीचेंही तसेंच. नकाशावर एका बोटाचें अंतर, पायांस मात्र मोठा वळसा. यंत्रास हें उपजत ठाऊक नसतें. त्याला नुसतीं दोन ठिकाणें दिलीं तर तें सरळ रेघ ओढील, मग ती रुळांवरून जावो कीं पाण्यांतून! म्हणून जेथें वाट फुटते किंवा वळते अशा प्रत्येक जागीं एक बिंदू मांडावा, ज्या दोन बिंदूंमध्यें खरोखर चालतां येतें तेवढेच दुव्यानें जोडावे, आणि दुव्यावर अंतर लिहावें.

पुढचें काम डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञानें सोपें करून ठेविलें आहे. १९५६ सालीं ॲमस्टरडॅम येथें एका उपाहारगृहाच्या सज्जावर कॉफी घेत असतां, कागद-पेन्सिलीवांचून, सुमारें वीस मिनिटांत त्याला ही रीत सुचली, आणि १९५९ सालीं ती छापून आली. तिचा पहिला प्रयोग हॉलंडांतील ६४ शहरांच्या नकाशावर झाला.

ही रीत आमच्या आवारावर लावून पाहूं. फाटकापासून जिना ३० पावलें, मैदानाचा कोपरा ४० पावलें. जिन्यानें पुढें ग्रंथालय २५ पावलें, कोपऱ्याकडून ५० पावलें. आरंभीं जवळचा बिंदू घ्यावयाचा, तो जिना. तेथून ग्रंथालय एकंदर ५५ वर येतें. तो आंकडा कच्चा म्हणून मांडून ठेवावयाचा. उरलेल्यांत सर्वांत जवळचा कोपरा, ४०. त्या बाजूनें ग्रंथालय ९० वर येतें. ५५ हून अधिक, म्हणून सोडून द्यावयाचें. आतां ५५ हा आंकडा पक्का झाला. बिंदू तीन असोत वा तीन हजार, रीत हीच. मुलांनीं मात्र पहिल्या दिवशीं अंतर पावलांनीं मोजलें, आणि सहा जणांचे सहा आंकडे आले. दुसऱ्या दिवशीं शिंप्याची नव्हे, गवंड्याची फीत आणविली.

"पण आपण उभे कोठें आहों, हें मोबाईलला कसें कळतें?" असें पालक विचारतील. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांचे संदेश मोबाईल ऐकतो, व संदेश पोंचण्यास किती वेळ लागला त्यावरून आपली जागा काढतो. जागेसाठीं तीन उपग्रह पुरेसे झाले असते. परंतु मोबाईलचें घड्याळ तितकें अचूक नसतें, म्हणून ती चूक काढण्यास चौथा लागतो. उघड्या आकाशाखालीं हें सर्व करून सुमारें ५ मीटरांचा फरक राहतो. रस्त्यावर ५ मीटर म्हणजे कांहींच नाहीं. शाळेंत मात्र तेवढ्यांत पांचवी ब ची पांचवी क होते. छपराखालीं संदेश क्षीण होतात, आणि आपण कितव्या मजल्यावर आहों याचा भरंवसा धरतां येत नाहीं. तेव्हां मुलांनीं उपग्रहांचा नाद सोडून प्रत्येक जिन्याच्या तोंडाशीं क्यूआरचा काळा-पांढरा चौकोन चिकटविण्याचें ठरविलें. मोबाईल त्याच्यासमोर धरला कीं जागा निश्चित होते. यांत दुसराही लाभ आहे: कोणतें मूल केव्हां कोठें होतें याची नोंद कोठेंच राहत नाहीं. आमच्या मतें शाळेसाठीं हाच मार्ग योग्य.

ऑगस्टच्या अखेरीस फाटक ते ग्रंथालय ही वाट पडद्यावर उमटली, तेव्हां मोठा आनंद झाला. सहावींतील एक मुलगी चाकांच्या खुर्चीवरून शाळेंत येते. तिनें पडद्यावरची रेघ पाहिली आणि सहज विचारलें, "ही जिन्यावरून जाते ना? मग माझी कोणती?" कोणी कांहीं बोललें नाहीं. ५५ पावलें हें उत्तर गणितानें बरोबर होतें. त्यांतील २२ पायऱ्या कोणीं मोजल्याच नव्हत्या.

दुसऱ्या दिवसापासून फीत घेऊन मुलें पुन्हां निघालीं. प्रत्येक दुव्यावर अंतराखेरीज आणखी दोन गोष्टी लिहिल्या: पायऱ्या आहेत काय, आणि दार किती वाजेपर्यंत उघडें असतें. तिच्यासाठीं पायऱ्यांचे सर्व दुवे वगळले कीं मैदानाकडची ९० पावलांची उताराची वाट मिळते. परंतु त्या बाजूचें दार चार वाजतां लागतें, आणि वाचनाचा तास त्यानंतर असतो. मग मुलांनीं विज्ञानाच्या प्रयोगशाळेची वाट विचारली. ती दुसऱ्या मजल्यावर आहे. यंत्रानें पडद्यावर दोनच शब्द लिहिले: 'वाट नाहीं'.

हें आम्हां शिक्षकांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. प्रयोगाच्या तासाला ती खालीं ग्रंथालयांत बसते, हें आम्ही रोज पाहत होतों.

तें दार साडेपांचपर्यंत उघडें ठेवावें व सहावीचे प्रयोग तळमजल्यावर घ्यावे, असा अर्ज त्या सहा जणांनीं मुख्याध्यापकांकडे दिला आहे. दाराची मागणी मान्य झाली. प्रयोगांचा विचार चालूं आहे. ॲपमध्यें आजवर ४१ बिंदू भरले गेले असून मागची इमारत दिवाळीनंतर मोजावयाची आहे. सहाही जण पुढील वर्षीं दहावींत जातील, म्हणून आंकड्यांची वही त्यांनीं आठवींतील चार मुलांच्या हवालीं केली आहे. तिच्या पहिल्या पानावर दोन्ही पिंपळ निरनिराळ्या नांवांनीं दाखविले आहेत.