आधी ईस्टर, मग बिऱ्हाड

प्रश्न : वसईची वाडी विकून मेअखेर वाड्याला राहायला जायचे आहे. ईस्टर ५ एप्रिलला. कोंबड्या, गाभण म्हैस आणि राजेळी केळीचे मुनवे सणाआधीच हलवावेत का? खुडूक कोंबडी १५ मार्चला अंड्यांवर बसली आहे.

उत्तर : घाई करू नका. अंडी उबायला २१ दिवस लागतात, म्हणजे तुमची पिल्ले नेमकी ईस्टरच्या सुमारास बाहेर येतील. टेम्पोच्या हादऱ्यांनी कोंबडी उठली आणि अंडी गार पडली, तर सगळी उबवण वाया जाईल. म्हशीला घामाच्या ग्रंथी कमी, त्यात अंग काळे. तिला उन्हात नेऊच नये, पहाटे न्यावे. मात्र विण्याला दोनेक महिनेच उरले असतील, तर व्यायल्यावरच हलवा.

खरी अडचण राजेळीची आहे. सुकेळी करणाऱ्या घराला हे वाण मागे टाकवत नाही, हे मी समजू शकतो. पण एप्रिलात उपटलेला मुनवा मृगापर्यंत सावलीत ठेवला तरी सुकतो. नवा मालक नंतर हात लावू देणार नाही, अशी भीती तुम्हाला असेल, तर ती रास्त आहे. म्हणून जूनमध्ये मुनवे काढून नेण्याचा हक्क साठेखतातच लिहून घ्या, संख्येसकट. निवडताना तलवारीसारख्या अरुंद पानांचे, बुंध्याशी जाड असलेले मुनवे घ्या. रुंद पानांचे टाळा. आणि झावळ्यांच्या रविवारपासूनचा आठवडा घरच्यांना जुन्याच देवळात घालवू द्या. त्या आठवड्यात हलवाहलव केल्याने शेतीचे एकही काम पुढे सरकणार नाही.