शेततळ्याच्या कागदाला पक्का जोड

मावळात पाऊस भरपूर, तरी उन्हाळ्यात पाण्याची ओढ; म्हणून शेततळे. उर्से येथे एका तळ्यात रानडुक्कर पाण्यासाठी उतरले आणि खुरांनी ५०० मायक्रॉनचा कागद फाटला. आम्ही पडलो कापडवाले. ताडपत्रीचे ठिगळ सोल्यूशनने चिकटवून दिले. आठ दिवसांत ते सुटले. चूक आमचीच. हा कागद पॉलिथिनचा. त्याला साधे सोल्यूशन धरत नाही, तो गरम हवेने जोडावा लागतो.

कारागीर बंधूंनी हा क्रम ध्यानात ठेवावा. पाणी फाटलेल्या जागेच्या खाली उतरवावे. कागदाखाली घुशीचे बीळ असल्यास माती भरून ठोकावी, खडे काढावेत. कागद धुऊन कोरडा करावा. ठिगळ त्याच जातीच्या कागदाचे, गोल कोपऱ्यांचे, फाटक्या कडेच्या चहूबाजूंनी सहा इंच जास्त घ्यावे. दोन्ही बाजू गरम हवेने मऊ करीत रोलरने दाबाव्यात. त्याआधी वेगळ्या तुकड्यांवर जोड करून, थंड झाल्यावर ओढून पाहावे : कागद फाटला तरी चालेल, जोड सुटता कामा नये.

तळ्याला कुंपण घालण्यासही सांगावे. शेतकऱ्याचे उन्हाळी पीक या जोडावर उभे असते; तो पारखूनच मजुरी घ्यावी.