इंट कधी सोडायचा

पोरी, ओकॅमल शिकायला घेतलंस, फार चांगलं केलंस. मोठ्या आकड्यांच्या चार गोष्टी सांगतो, त्या ध्यानात ठेव.

आधी आकडा किती वाढेल ते बघ. आपल्या ६४ बिटांच्या कॉम्प्युटरवर ओकॅमलचा साधा इंट ६३ बिटांचा असतो. त्याची वरची हद्द ४६११६८६०१८४२७३८७९०३. ती ओलांडली तरी एरर येत नाही, उत्तर गुपचूप चुकतं.

पडताळ्याला भास्कराचार्यांचं गणित घे. ११५०च्या सुमाराच्या ‘बीजगणिता’त त्यांनी ६१क्ष² + १ = य² सोडवलं : क्ष = २२६१५३९८०, य = १७६६३१९०४९. य चा वर्ग इंटमध्ये मावतो. त्या वर्गाची दुप्पट करून १ वजा केला की पुढच्या उत्तरातला य मिळतो : ६२३९७६५९६५७२०५२८८०१. इंट मात्र दाखवतो -२९८३६०६०७११३४२४७००७.

म्हणून झारिथ लायब्ररी घे. तिच्या झेड मॉड्यूलमध्ये लहान आकडे साध्या इंटसारखेच राहतात, मावेनासे झाले तरच जास्त जागा घेतात. तेव्हा वेग जाईल ही भीती धरू नको. पण गुणाकाराच्या आधीच झेडमध्ये ये. इंटमध्ये बिघडलेलं उत्तर नंतर झेडमध्ये टाकून सुधरत नाही. इंटमध्ये न मावणारा आकडा अवतरणचिन्हांत लिहून ‘ऑफ_स्ट्रिंग’ने घे.

दोन आकडे सारखे आहेत का, हे झेडच्या ‘ईक्वल’ने तपास. दोन बरोबरच्या चिन्हांचं ‘==’ वापरू नको. ते मेमरीतली जागा बघतं, मोठ्या आकड्यांची किंमत नाही.

भागाकारात ऋण आकडे जप. -७ भागिले २ केलं तर ‘डिव्ह’ -३ देतं, ‘एफडिव्ह’ -४. कोणतं हवं ते आधी ठरव.

आपल्या नरखेडात आंबिया बहाराच्या संत्र्याचे पैसे तिघांत वाटायचे असतील, तर फ्लोट नको. झारिथचंच क्यू मॉड्यूल एक तृतीयांश जसाच्या तसा ठेवतं. पैशांत बसवणं शेवटी, एकदाच कर.

झेडमधून इंटमध्ये परतताना आधी ‘फिट्स_इंट’ विचार. आकडा मावत नसेल तर ‘टू_इंट’ ओव्हरफ्लोचं एक्सेप्शन टाकतं. ते दाबू नको, ते तुझ्या भल्याचंच आहे.

आणि ज्या आकड्याची वरची हद्द तुला सांगता येत नाही, तिथे इंट वापरू नको.