हाकेच्या अंतरावरची मैत्रीण



बोरी अरबच्या शिवारात कापूस वेचायला बाया एकट्या जात नाहीत. चार-पाच जणी मिळून जातात. हात बोंडांवर आणि तोंड बोलण्यात. कोणाच्या घरी काय शिजले नाही, कोणाचा मुलगा तापाने फणफणला, हे सगळे तिथेच कळते. पण यातल्याच एखादीचा नवरा गेला की चित्र बदलते. तेरवीपर्यंत घर माणसांनी भरलेले असते. नंतर पाहुणे परततात आणि ती बाई, तिची मुले आणि कर्ज एवढेच घरात उरते. तिचे खरे एकटेपण चौदाव्या दिवशी सुरू होते.

आपला यवतमाळ जिल्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर ओळखला गेला. जाणाऱ्याची बातमी झाली. मागे राहिलेलीची फारशी झाली नाही. 2019 च्या जानेवारीत यवतमाळला 92 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा त्याचे उद्घाटन वैशाली येडे या शेतकरी पत्नीने केले. पतीच्या आत्महत्येनंतर संसार ओढणारी आपल्याच जिल्ह्यातली ही बाई व्यासपीठावर बोलली आणि सभागृहाने ऐकले. तिच्यासारख्या कितीतरी जणींना ऐकणारे माणूस मात्र रोज हवे असते.

हे काम मोबाइल करू शकेल का, याचा आज आपण विचार करू.

कोरोनाच्या काळातले एक उदाहरण जवळचे आहे. 2021 साली अकोल्याचे नव्हे, अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले येथील शिक्षक-लेखक हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकाराने कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती उभी राहिली. कोरोनात पती गमावलेल्या स्त्रियांसाठी अनेक जिल्ह्यांतले कार्यकर्ते एकत्र आले. गाठीभेटी अवघड होत्या, म्हणून व्हॉट्सॲपचे गट आणि फोन हेच त्यांचे कार्यालय बनले. त्याच वर्षी शासनानेही अशा स्त्रियांना योजनांचा लाभ मिळावा म्हणून ‘मिशन वात्सल्य’ सुरू केले. विखुरलेल्या बाया एकमेकींना जोडल्या गेल्या की त्यांचा आवाज वर पोहोचतो, हे यातून दिसले.

फोनवरून नेमकी कोणती मदत होते? पहिली मदत माहितीची. पती गेल्यावर बाईला दुःखाइतकेच कागद छळतात. मृत्यूचा दाखला, सातबाऱ्यावर वारसाची नोंद, बँकेचे खाते. आत्महत्येचे प्रकरण पात्र ठरल्यास 1 लाख रुपयांची मदत आहे. पण त्याआधी समितीसमोर कागद लागतात. संजय गांधी निराधार योजना आहे, मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. जी बाई हे सर्व उंबरठे झिजवून आली आहे, तिच्याइतके चांगले कोण सांगणार? “तलाठ्याकडे आधी जा, झेरॉक्स दोन काढ, मी येते सोबत,” एवढ्या एका फोनने दुसरीच्या चार फेऱ्या आणि चार दिवसांची मजुरी वाचते.

दुसरी मदत ऐकण्याची. आफ्रिकेतील झिंबाब्वे देशात 2006 साली डॉ. डिक्सन चिबांडा यांनी एक साधा उपक्रम सुरू केला. मनोविकारतज्ज्ञ फार थोडे, म्हणून त्यांनी वस्तीतल्या आज्यांना शिकवले. दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसायचे आणि खचलेल्या माणसाचे शांतपणे ऐकायचे. पुढे अभ्यासातून दिसले की याने लोकांना खरोखर बरे वाटते. आपल्याकडे असा बाक नसेल, पण फोन आहे. रूथने आपल्या विधवा सासूला वाटेत सोडले नाही, ही गोष्ट आपण जाणतोच. सोबत करायला पदवी लागत नाही.

तरीही मोबाइलची मर्यादा ओळखली पाहिजे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, स्वतः वापरतो असा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात शंभरात 54 होत्या. बाकीच्यांचा फोन नवऱ्याचा, मुलाचा किंवा दिराचा. घरातला फोन दुसऱ्याच्या खिशात असेल, तर मनातले बोलायचे कुठे? शिवाय गटात शंभर जणी असल्या की सुप्रभातचे संदेश येतात आणि रडणारीचा संदेश त्यात बुडतो. म्हणून आधी ओळख, मग फोन. बचत गटाच्या बैठकीत किंवा वेचणीच्या ओळीत जुळलेले नातेच फोनवर टिकते.

आपल्याला काय करता येईल? पाच-सहा जणींचे लहान वर्तुळ करावे. प्रत्येकीने एकीची जबाबदारी घ्यावी आणि आठवड्यातून एक ठरलेली वेळ पाळावी. जिच्याकडे फोन नाही तिच्या घरी जावे. पैसे कमी असतील तर मिस कॉल द्यावा, दुसरीने उलट फोन करावा. ऐकलेले चावडीवर जाऊ नये. एकदा विश्वास तुटला की ती बाई पुन्हा बोलत नाही. उपदेश नंतर, ऐकणे आधी. आणि कोणी ‘जगून काय करू’ असे म्हणाली, तर तो बोलण्याचा भाग समजू नये. तिला एकटे सोडू नये. टेली-मानस या शासकीय सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस मोफत आहे. घरात मारहाण होत असेल तर महिला हेल्पलाइन 181 आणि तातडीच्या वेळी 112. हे तीन आकडे घरातल्या दारामागे खडूने लिहून ठेवावेत.

फोन हा नुसता धागा आहे. तो दोन्ही टोकांनी कोणीतरी धरावा लागतो.

कुटुंबात व लहान समूहात चर्चेसाठी प्रश्न:

1. आपल्या गल्लीत गेल्या वर्षभरात एकटी पडलेली स्त्री कोण? तिच्याशी आपण शेवटचे कधी बोललो?

2. आपल्या घरातील स्त्रीकडे स्वतःचा फोन आहे का? नसेल तर का नाही?

3. वारस नोंद किंवा निराधार योजनेचे काम करून आलेली कोणती बहीण इतरांना वाट दाखवू शकेल?