भाच्याची नोकरी आणि मोड आलेले मूग

पारशिवनी



ताईचा फोन येऊन गेला. तू फळं, कोशिंबिरी आणि मोडांवर राहतोस, हे तिच्या अंगवळणी पडलं आहे. पण हिंगण्याच्या कारखान्यातली कायम नोकरी सोडून पेंचच्या जंगलाकडं, कोलितमाऱ्याच्या वाटेवर कच्च्या आहाराचं केंद्र काढतो म्हणालास, तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा नाही. काय खावं हा तुझा प्रश्न, त्यात मामा पडत नाही. बांधलेला पगार सोडण्याबद्दल मात्र थोडं ऐक. सांगतोय ते बहुतेक या वाटेनं आधी जाऊन आलेल्यांचं आहे.

गांधीजींनी १९२९ च्या उन्हाळ्यात शिजवलेलं अन्न बंद केलं आणि रोजच्या खाण्याचा हिशेब 'यंग इंडिया'त छापला: मोड आलेले गहू आठ तोळे, वाटलेले बदाम आठ तोळे, हिरवा पाला आठ तोळे, सहा लिंबं, दोन औंस मध. त्याच दिवसांत ते कुमाऊँच्या दौऱ्यावर होते आणि कौसानीला बसून गीतेच्या भाषांतराची प्रस्तावना लिहीत होते. ऑगस्टात आव पडली, अशक्तपणा आला, ते शेळीच्या दुधावर परतले आणि प्रयोग फसल्याचंही त्यांनी छापून टाकलं. त्यांना परत फिरता आलं, कारण त्या ताटावर त्यांचं कुठलंच काम अडलेलं नव्हतं. तुझं केंद्र निघालं आणि सहा महिन्यांनी डॉक्टरांनी दूध-भात घ्यायला सांगितला, तर गिऱ्हाइकासमोर कोणत्या तोंडानं बसशील? लपूनछपून वरण खाणारा कच्च्या आहाराचा प्रचारक, ही काही नवी जात नाही.

या वाटेनं गेलेल्यांत मामाला सर्वांत आवडतो तो मणिभाई देसाईंचा रस्ता. सुरतेकडचा विज्ञान शिकलेला तरुण. १९४६ साली गांधीजी पुण्याजवळ उरुळी कांचनला आले, तिथं निसर्गोपचार आश्रम निघाला आणि गांधीजी पुढं गेले. मणिभाई मात्र जन्मभर तिथंच राहिले. विनोबांचे भाऊ बाळकोबाही तिथले. क्षयातून उठलेला हा माणूस पुढं त्याच आश्रमाचा आधारस्तंभ झाला. त्या काळातलं उरुळी म्हणजे कोरडवाहू, कर्जात बुडालेलं गाव. रोग्यांना माती-पाण्याचे उपचार द्यायचे आणि गावाच्या पोटाचं काय? मणिभाई शेतीत शिरले, गीर गाई पाळल्या, शाळा काढली, आणि १९६७ साली 'बाएफ' उभी केली. संकरित गाईंचं काम देशभर नेणारी ती हीच संस्था. १९८२ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आला निसर्गोपचाराला, गाजला गाईंवर! आहाराच्या ओढीनं माणूस एका दारातून आत येतो, पण काम कोणतं करायचं हे पुढं गावाची गरज ठरवते. तू अजून दारातच उभा आहेस.

झुरिकचे डॉक्टर बिर्शर-बेन्नर १९०० च्या सुमारास कच्च्या फळभाज्यांबद्दल बोलू लागले, तेव्हा सहव्यवसायींनी त्यांना वेड्यात काढलं. त्यांनी १९०४ मध्ये स्वतःचं आरोग्यधाम काढलं. आज सकाळच्या नाश्त्याला खातात ते म्युस्ली त्यांचंच. पण डॉक्टरकी त्यांनी सोडली नव्हती, हे ध्यानात घे.

उलट टोकाला न्यूयॉर्कच्या सर्मा मेलन्गेलिस. बँकिंग-गुंतवणुकीतली नोकरी सोडून त्या पाककला शिकल्या आणि २००४ साली कच्च्या शाकाहाराचं हॉटेल काढलं. नट-नट्यांची रीघ लागली. पुढं पगार थकले, २०१५ मध्ये नोकरांनी काम थांबवलं, गुंतवणूकदारांचे पैसे बुडाले. २०१६ मध्ये त्यांना नवऱ्यासह टेनेसीत अटक झाली, आणि माग लागला तो नवऱ्यानं मागवलेल्या पिझ्झावरून. २०१७ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. लोकांनी पिझ्झाचीच चेष्टा केली. मामाच्या लेखी महत्त्वाचा आहे तो पैसा. हॉटेल भरून वाहत होतं, जेवणात खोट नव्हती. खोट होती ती गल्ल्यात.

आता मुगांकडे ये. मूग भिजत घालायचे, उपसून फडक्यात बांधायचे, उबदार जागी ठेवायचे. आपल्या मे महिन्यात सकाळी टपोरे दिसणारे मोड संध्याकाळी बुळबुळीत होतात, आंबूस वास मारतात. मोड फुटायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही मानवते. म्हणून तर आपल्याकडं मोडांची उसळ रटरटू देतात. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून ई. कोलायची साथ पसरली. चार हजारांच्या आसपास माणसं आजारी पडली, पन्नासावर दगावली. ते मोड सेंद्रिय शेतावरचे होते आणि दोष बहुधा इजिप्तहून आलेल्या बियाण्यात होता. घरी तू एकटा खातोस, बिघडलं तर तुझं पोट बिघडेल. केंद्रावर शाळेची सहल जेवायला बसेल. दुधीच्या रसाचंही तसंच: कडू लागला की ओतून द्यायचा, 'औषध कडूच असतं' म्हणून कुणाला पाजायचा नाही. त्यानं माणसं गेली आहेत.

आणि गिऱ्हाईक कोण? पेंचला येणारा नागपूरकर गाडीतून उतरला की आधी सावजी मटण कुठं मिळतं ते विचारतो. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्रातली सफारी बंद. त्या तीन महिन्यांत भाडं कोण भरणार? थंडीत संत्री, पेरू, शिंगाडे, बोरं, हरभऱ्याचे घाटे यांची चंगळ असते, म्हणून सुरुवात तेव्हा करावी. नोकरी न सोडता, फक्त शनिवार-रविवारी, एका टेबलावर, अन्नपदार्थ विक्रीची नोंदणी करूनच. संत्रं सोलून देण्याचे लोक किती पैसे देतात, ते एका हंगामात कळेल.

लोकांना आहाराचे सल्ले द्यायचे असतील, तर शिकावं लागेल. निसर्गोपचार आणि योगाची पदवी साडेपाच वर्षांची, तिला बारावीत जीवशास्त्र लागतं. तुझा मेकॅनिकलचा डिप्लोमा तिथं कामाचा नाही. पुण्याला ताडीवाला रस्त्यावर बापू भवनात राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. उपचार-साहाय्यकाच्या प्रशिक्षणाची तिथं चौकशी कर. रजा काढून उरुळीलाही चार दिवस राहून ये, पण पाहुणा म्हणून नको. भाजी कोण निवडतो, ताटं कोण घासतो, पहाटे कोण उठतो ते बघ. तू निवडतो आहेस ते काम हे आहे.

तुझा डिप्लोमा मात्र दुसरीकडे उपयोगी पडेल. पारशिवनीच्या बाजारात संत्रं उन्हानं सुकतं, पालेभाजी दुपारी मान टाकते. सौर वाळवण, थंड साठवण, रस काढायची स्वच्छ यंत्रं, यातलं एक जरी नीट बनवलंस, तर गिऱ्हाईक काय शिजवतं नि काय कच्चं खातं, याच्याशी तुझ्या मिळकतीचा संबंध राहणार नाही.

शेवटी एक काम सांगतो, ते टाळू नकोस. झाडपाल्यात बी-१२ भरवशाचं मिळत नाही. शरीरातला साठा पुरतो तोवर काही जाणवत नाही, मग हातापायाला मुंग्या येऊ लागतात. प्रेस मशीनवर हात घालणाऱ्यानं हे हसण्यावारी नेऊ नये. या आठवड्यात रक्त तपासून घे, रिपोर्ट मामाच्या व्हॉट्सॲपवर टाक, आणि राजीनाम्याचा कागद लिहून ठेवला असशील तर रिपोर्ट येईस्तोवर साहेबांच्या टेबलावर नेऊ नकोस. ताईला मी रविवारी भेटतो.

तुझा मामा