डीएससी टोकन ब्राउझरला जोडताना पैसे कशाचे मोजायचे?

जीएसटीचं विवरणपत्र भरून होतं, डिजिटल सही ठेवलेलं टोकन यूएसबीत लावलेलं असतं, आणि नेमकं सही करताना पोर्टल सांगतं की सर्व्हरशी जोडणी झाली नाही, एमसायनर (सही करून देणारा प्रोग्राम) पुन्हा सुरू करा. मुदतीच्या दिवशी असं झालं की माणूस मागतील तेवढे पैसे देऊन मोकळा होतो. म्हणून हा हिशेब आधीच करून ठेवावा.

पहिला प्रश्न, डीएससी म्हणजे डिजिटल सहीचं प्रमाणपत्र लागतंच का? जीएसटीत ते कंपनी आणि एलएलपीला सक्तीचं आहे. एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर ओटीपीवर काम होतं, तेही फुकट. पगारदाराच्या आयकर विवरणपत्रालाही आधार ओटीपी पुरतो.

लागत असेल तर खर्च दोनच गोष्टींचा. दोन वर्षांची क्लास ३ डीएससी साधारण हजार ते दोन हजार रुपयांना, आणि टोकन पाचशेच्या आसपास. क्लास २ जानेवारी २०२१ पासून बंद आहे. ई-निविदा भरणार असाल तर सहीसोबत एन्क्रिप्शनचं प्रमाणपत्रही लागतं का, हे आधी विचारा. ते घेतलं की किंमत वाढते.

टोकनचा ड्रायव्हर, जीएसटीसाठी एमसायनर, आयकरासाठी एमब्रिज हे सगळं मोफत मिळतं. ड्रायव्हर टोकन बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून आणि बाकीचे दोन त्या-त्या पोर्टलवरूनच उतरवा.

जोडणी अडते त्याचं कारण असं. कुठल्याही वेबसाइटने आपल्या संगणकातल्या प्रोग्रामला हात लावू नये, ही ब्राउझरची शिस्त आहे, आणि ती आपल्याच भल्याची आहे. पूर्वी जावा प्लगिनमधून वाट होती. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमने ती बंद केली. आता एमसायनर आपल्याच संगणकावर छोटा सर्व्हर होऊन बसतो आणि पोर्टल १२७.०.०.१ या पत्त्यावर त्याच्याशी बोलतं. हा पत्ता म्हणजे आपलाच संगणक. त्यासाठी जगमान्य सुरक्षा प्रमाणपत्र कोणी देत नाही, म्हणून ब्राउझर बिचकतो.

त्यामुळे एमसायनर 'ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून' सुरू करा. मग ब्राउझरमध्ये एचटीटीपीएस लावून १२७.०.०.१:१५८५ उघडा आणि इशारा आला की 'ॲडव्हान्स्ड'मधून पुढे जा. हा इशारा ओलांडायचा तो फक्त या पत्त्यापुरता. फायरफॉक्सची प्रमाणपत्रांची यादी वेगळी असते, तिथे हे पुन्हा करावं लागतं. नवा क्रोम स्थानिक उपकरणांशी जोडणीची परवानगी विचारतो. पोर्टलचा पत्ता नीट वाचून मगच ती द्या.

एनीडेस्कवरून, म्हणजे दुरून आपला संगणक चालवून, हेच करून देणारे काहीशे रुपये घेतात. वेळ नसेल तर जरूर द्या, पण तेव्हा टोकन काढून ठेवा. टोकनचा पिन सांगू नका. टोकन आणि पिन ज्याच्या हाती, त्याने केलेली सही कायद्याने तुमची ठरते. अँटिव्हायरस कायमचा बंद करायला सांगणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

पिन चुकत राहिला तर टोकन लॉक होतं. ते कोरं करून पुन्हा वापरता येतं, पण आतली डीएससी पुसली जाते आणि नवी विकत घ्यावी लागते.